मास्तरांची तपकिरी पँट

मास्तरांनी तीस वर्षांत हजारो पोटं मोजली, पण एकाही पोटाचा आकडा त्यांच्या तोंडून बाहेर पडला नाही. गिऱ्हाइकाच्या कमरेभोवती टेप जायची, मास्तर मान तिरकी करून आकडा वाचायचे, वहीत लिहायचे आणि लगेच वहीवर हात ठेवायचे. गिऱ्हाइकानं चाचरत विचारलं, "काही फरक पडलाय का हो, मास्तर?" की उत्तर ठरलेलं. "अर्धा इंच. धुण्यात कापड आटतं ना, तेवढंच." गेल्या खेपेपेक्षा तीन इंच वाढलेला माणूससुद्धा ताठ मानेनं दुकानाबाहेर पडायचा. नवी पँट अंगाला अशी बसायची की त्याला वाटावं, आपण होतो तिथेच आहोत. म्हणून सगळी गल्ली त्यांना 'अर्धा इंच मास्तर' म्हणायची, आणि म्हणूनच शहराच्या पार दुसऱ्या टोकाची सुटलेली पोटं दोन बस बदलून त्यांच्याकडे यायची.

दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. शिलाईचं मशीन, कापायचं टेबल, लहान मुलांना उभं करायला एक स्टूल, चिंध्यांचं पोतं आणि भिंतीवर किंचित मागे कललेला आरसा. तो आरसा मास्तरांनी मुद्दाम कलवला होता. त्यात माणूस दोन बोटं बारीक दिसायचा. पडद्यामागे स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघरात काकू. काकू म्हणजे मास्तरांची बायको. गल्ली तिला काकूच म्हणायची. काकूंचं माप वहीत नव्हतं. कुणी विचारलं तर मास्तर छाती फुगवून सांगायचे, "बायकोचं माप कशाला घ्यायला हवं? ते माझ्या डोळ्यांत आहे!"

छातीबरोबर पोटही फुगायचं, पण ते मास्तरांच्या हिशेबी नव्हतं. कारण त्यांच्याजवळ पुरावा होता. दुकान उघडलं त्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी एक तपकिरी लोकरी पँट शिवली होती, कंबर बत्तीस. ती ते अजून घालत. महत्त्वाच्या कामाला निघाले की तीच पँट, आणि निघण्याआधी शेजारच्या इस्त्रीवाल्यापुढे एक गिरकी. "तीस वर्षं झाली. तीच पँट, तेच माप. बघ!" इस्त्रीवाला बघायचा, मान डोलवायचा आणि गरम इस्त्रीवर पाण्याचा हात झटकायचा.

आता खरं काय ते सांगून टाकतो, कारण मास्तर सांगणार नाहीत. तुम्हाआम्हाला आपलं पोट वाढल्याचं कळतं ते पँटीमुळे. एके दिवशी बटण लागत नाही, आपण श्वास रोखतो, पँटीला शिव्या घालतो आणि आठवडाभर तरी जेवताना हात आखडता घेतो. मास्तरांना ही सूचना कधी पोचलीच नाही. पँट जरा आवळली रे आवळली की ते दुपारी दार लोटून घ्यायचे, मागची शिवण उसवायचे, अर्धा इंच सैल करायचे आणि इस्त्री फिरवायचे. चहाच्या वेळेला पँट पुन्हा सुखात आणि मास्तरही. शिवणीतलं जादा कापड संपलं तेव्हा चिंध्यांच्या पोत्यातून त्याच कापडाचे तुकडे शोधून त्यांनी दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडल्या. इतक्या बेमालूम, की काही दिवसांनी त्यांचा त्यांनाच विसर पडला. दुसऱ्याला फसवायला अक्कल लागते, स्वतःला फसवायला नुसता हात चांगला असला की पुरतं.

हे असंच चाललं असतं, पण डोळे आडवे आले.

आधी सुईचं नेढं दिसेनासं झालं. मग काकू रोज सकाळी मशीनशेजारी बसून वीस सुयांत दोरे ओवून द्यायला लागल्या. दहा काळे, पाच पांढरे, पाच निळे. मास्तर म्हणायचे, "हल्ली सुयाच खराब येतात." काकू म्हणायच्या, "हो ना." मग एकदा बँकेतल्या साहेबांचा कोट गेला. साहेब बसमध्ये उन्हाच्या बाजूला बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की आपली एक बाही काळी आहे आणि एक गडद निळी. साहेब भले माणूस, दुकानात येऊन पोट धरून हसले. मास्तरही हसले. साहेब गेल्यावर मात्र त्यांनी दोन्ही बाह्या उजेडाकडे धरून पाहिल्या. त्यांना दोन्ही काळ्याच दिसत होत्या.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. मोतीबिंदू पिकलाय, काढावा लागेल. आणि साखर इतकी वाढलीय की इतक्यात डोळ्याला हात लावायची त्यांची तयारी नाही. रक्ताची एक तपासणी असते, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी. त्यात मास्तरांचा आकडा आला साडेनऊच्या पुढे. "आठच्या खाली आणा, मग आपण डोळा करू," बाई म्हणाल्या. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि तीन महिने दिले.

शिंप्याचे डोळे गेले तर उरतं काय? मास्तर घराकडे निघाले. काकू त्यांच्या मागून चालत होत्या. दवाखान्याच्या जिन्यात त्या दोनदा थांबल्या होत्या, कठड्याला धरून. मास्तरांनी वळून पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "तुम्हाला धाप लागते ना, म्हणून थांबले."

दुसऱ्या आठवड्यात आहारतज्ज्ञांकडे जायचं होतं. मास्तरांनी तपकिरी पँट चढवली. दार उघडून आत पाहतात तर खुर्चीत एक ओळखीची मुलगी.

"काका! ओळखलंत का? माझे शाळेचे फ्रॉक तुम्हीच शिवायचात."

"अगं तू! स्टुलावर उभी राहून सारखी हलायचीस!" मास्तरांचा जीव भांड्यात पडला. आपलीच पोरगी आहे म्हटल्यावर सांभाळून घेईल. "हे बघ, तुझा वेळ घालवत नाही. ही पँट बघ. तीस वर्षांपूर्वीची. अजून बसते. तेव्हा माझं वजनबिजन काही वाढलेलं नाही, ही साखर कुठून तरी हवेतून आली असणार."

मुलीनं पँट पाहिली, पोट पाहिलं आणि खणातून टेप काढली. तीस वर्षांत मास्तरांच्या कमरेला दुसऱ्याची टेप लागली नव्हती. ते कसनुसे झाले.

"तिरकी धरलीस," ते म्हणाले. "मागून वर चढलीय. आणि बोट आत घाल, बोट! असं माप घेतलंस तर गिऱ्हाईक पळून जाईल."

"काका, श्वास सोडा."

"सोडलाय."

"सोडा म्हणते ना."

मास्तरांनी श्वास सोडला. जे बाहेर यायचं ते बाहेर आलं. मुलगी मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाली, "एक्केचाळीस."

"अगं हळू!" मास्तर दाराकडे बघत कुजबुजले. "माप असं मोठ्यानं सांगतात का? बाहेर माणसं बसलीत!"

"बत्तीस म्हणायचात ना?" काकू कोपऱ्यातून म्हणाल्या.

"टेप ताणली गेली असेल," मास्तर म्हणाले. पण टेप ताणली गेली की आकडा कमी येतो, जास्त नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

मग मुलीनं रोजचं खाणं विचारलं. पलीकडच्या टपरीवरचे सहा चहा, प्रत्येकात तीन चमचे साखर, त्याबरोबर बिस्किटं. सकाळी पाव, दुपारी भाताचा डोंगर, रात्री पुन्हा पाव. "म्हणजे साखर फार नाही," मास्तर म्हणाले, "चहातली तेवढीच."

"काका, पाव काय, भात काय, आत गेल्यावर त्याचीसुद्धा साखरच होते. ती रक्तात उतरते. तिथून शरीराच्या पेशींत जायला हवी, कारण कामाला लागणारी ताकद तिच्यातूनच निघते. पण पेशीच्या दाराला कुलूप असतं आणि इन्सुलिन ही त्याची किल्ली. पोटावर चरबी साचत गेली की कुलूप गंजतं. किल्ली फिरत नाही, साखर बाहेर रक्तातच फिरत राहते. तीच मग डोळ्यांना, मूत्रपिंडाला, पायांना त्रास देते."

"आणि चरबी कशानं साचते?"

"गरजेपेक्षा जास्त आलेलं शरीर फेकून देत नाही. थोडं यकृतात ठेवतं, तिथली जागा भरली की चरबी करून पोटावर. तुमचं ते चिंध्यांचं पोतं आहे ना? तुम्ही कधी एक तरी चिंधी फेकलीत?"

मास्तरांनी पहिल्यांदा आपल्या पोटाकडे आदरानं पाहिलं. एवढी काटकसर!

"बरं, मशीन अजून पायानंच चालवता?"

"छे! अकरा वर्षं झाली, मोटर बसवली."

"बघा. दिवसभर पाय चालायचे तेव्हा मांड्यांचे स्नायू साखर ओढून घ्यायचे. मोटर आली, पाय थांबले, जेवण तेवढंच राहिलं." तिनं कागदावर एक गोल काढला. "हे ताट. अर्ध्यात भाज्या. त्यांचा चोथा पचत नाही, पण तो साखरेला रक्तात सावकाश सोडतो. पाव भागात अंडी, मासे, डाळ, कडधान्यं. शरीर रोज झिजतं, त्याची दुरुस्ती ह्याच्यानं होते."

"म्हणजे रफू."

"रफूच. आणि उरलेल्या पाव भागात भात किंवा पाव. थोडं तेल. जीवनसत्त्वं, लोह, क्षार लागतात बटणाएवढे, पण लागतातच."

"बटण नसलं तर कितीही भारी कापड असो, पँट खाली येणार," मास्तर म्हणाले. त्यांना सगळं समजलं होतं. समजण्याची अडचण त्यांना कधीच नव्हती.

मुलगी काकूंकडे वळली. "काकू, तुम्ही काय खाता?"

"मी? मी खाते की. घरात असतंच काहीतरी."

"तिचं नको विचारूस," मास्तर म्हणाले. "तिला मुळात भूकच कमी." मुलगी काही बोलणार तेवढ्यात पुढच्या पेशंटनं दार ढकललं.

घरी येऊन मास्तर जोरात कामाला लागले. ताटाचे भाग चुकायला नकोत म्हणून त्यांनी कापड आखायच्या खडूनं ताटावर रेघा मारल्या. रेघा सुरेख होत्या. पण हाताला तीस वर्षांची सवय. शिवणीसाठी चहूकडून जादा कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. तशी अर्धा इंच माया त्यांनी भाताच्या भागाला सोडली. ती रोज थोडी वाढत गेली, भात अर्ध्या ताटावर आला आणि भाज्या कडेला अंग चोरून बसल्या. रोजचं खाणं लिहायला मुलीनं वही दिली होती. तिच्यात साखर 'अर्धा चमचा', बिस्किट 'अर्धं', पाव 'अर्धा' असं लिहिलं जाऊ लागलं. गिऱ्हाइकांशी जन्मभर जे केलं तेच वहीशी.

इस्त्रीवाल्यानं त्याच्या परीनं भर घातली. "मास्तर, साखरेचा वैरी कडू. जितकं कडू खाल तितकी साखर पळते." मास्तरांनी आठवडाभर कुठलीशी कडू पानं चावली. साखर काही पळाली नाही, फक्त मास्तरांचं तोंड असं झालं की दोन गिऱ्हाइकं दारातूनच परत गेली.

महिन्यानं मुलीला भेटायचं होतं. ती बोट टोचून त्या दिवसाची साखर बघणार होती. इथे मास्तरांनी डोकं चालवलं. परीक्षेच्या आदल्या दुपारपासून काही खायचंच नाही! गोळ्या मात्र वेळच्या वेळी घ्यायच्या, म्हणजे पोरीला तोंडात बोट घालायला लागेल. काकूंनी रात्री ताट वाढलं तेव्हा ते म्हणाले, इस्त्रीवाल्याकडे खाल्लं. सकाळी म्हणाले, साहेब येणारेत, मग खातो.

दुपारी निघायच्या बेतात तपकिरी पँट घालून मास्तर उभे होते. तेवढ्यात बँकेतले साहेब आलेच, नव्या पँटीचं माप द्यायला. मास्तरांनी साहेबांच्या पोटाभोवती टेप टाकली, दोन्ही टोकं पुढे आणली आणि त्यांना दरदरून घाम फुटला. हात थरथरले. आरसा आणखी मागे कलला. मास्तर खाली बसले, पण टेप काही त्यांनी सोडली नाही. त्यामुळे साहेबही हळूहळू खाली यायला लागले.

"मास्तर! अहो, सोडा! पोट आवळलं माझं!" साहेब ओरडले. काकू पडदा सारून धावत आल्या. त्यांनी पाहिलं आणि टपरीवरून नुकताच आलेला साहेबांचा चहा उचलला, त्यात आणखी साखर ओतली आणि मास्तरांच्या ओठांना लावला. अर्धा पोटात गेला, अर्धा पँटीवर. पाच मिनिटांनी मास्तरांनी डोळे उघडून विचारलं, "किती?"

"बेचाळीस," साहेब जमिनीवर बसल्या बसल्या टेप वाचून म्हणाले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय वाचलं.

काकूंनी निरोप पाठवला, तशी मुलगी त्या संध्याकाळी स्वतः घरी आली. इतकी चिडलेली की स्टुलावर बसलीसुद्धा नाही. "गोळ्या घ्यायच्या आणि उपाशी राहायचं? काका, गोळी साखर खाली आणते, आणि तुम्ही खालून जमीनच काढून घेतलीत! साखर फार खाली गेली तर मेंदूला काही मिळत नाही. माणूस जातो ह्यानं. आणि एवढं करून मिळालं काय? त्या तीन महिन्यांच्या तपासणीला असं नाही फसवता येत. रक्तातल्या लाल पेशींना साखर चिकटते ती सुटत नाही. पेशी तीन-चार महिने जगते, तोवर तो डाग तिच्यावर राहतो. आदल्या दिवशी साधू होऊन डाग जात नाही."

मास्तर पांघरुणात होते. "धुतला तरी?"

"धुतला तरी."

पण मास्तरांची खरी शिक्षा वेगळीच होती. चहा सांडलेली पँट काकूंनी धुवायला घेतली, आणि धुवायला घेतली म्हणून उलटी केली. जिला आजवर मास्तरांशिवाय कुणाचा हात लागला नव्हता ती पँट दुसऱ्या दिवशी सकाळी कापायच्या टेबलावर पसरलेली होती, आतली बाजू वर. काकू शेजारी उभ्या. सुया ओवलेल्या नव्हत्या.

मागच्या शिवणीत जुन्या टाक्यांच्या भोकांच्या सहा ओळी होत्या, एकीशेजारी एक. दोन्ही बाजूंना पट्ट्या. काकूंनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "ही?"

मास्तरांनी खाकरून घसा साफ केला. "ती... टपरी उघडली त्या वर्षीची."

"ही?"

"मोटर बसवली तेव्हाची."

"आणि ह्या पट्ट्या?"

मास्तरांनी पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला. काकूंना रागवायचं होतं, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला सांगितलं का नाहीत?"

"तुला काय सांगू? मी मलाच सांगितलं नव्हतं," मास्तर म्हणाले. आणि त्यांच्या आयुष्यातलं बहुधा पहिलं पुरं माप त्यांनी त्या दिवशी दिलं. "एक्केचाळीस. खरं आहे ते. आणि मला भीती वाटते. डोळे गेले तर मी काय करू?"

काकूंनी डोळे पुसले आणि मोटरची पिन उपटली.

तिथून पुढची कारकीर्द काकूंची. पायमशीनचा जुना पट्टा माळ्यावरून निघाला. पहिले तीन दिवस मास्तरांच्या मांड्या आणि गंजलेलं मशीन दोन्ही रडत होती, चौथ्या दिवशी मशीन रडायचं थांबलं. ताटावर खडू बंद, वाढणाऱ्या काकू. मास्तरांना सकाळी दोन अंडी, दुपारी डाळ, भाज्या, मासे, आणि भात मोजून एक वाटी. चहा दोन, साखर शून्य. आणि दर सुट्टीच्या दिवशी सकाळी काकू मास्तरांना दाराशी उभं करून टेप लावायच्या आणि इस्त्रीवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात आकडा पुकारायच्या. "चाळीस!" इस्त्रीवाला इस्त्री खाली ठेवून टाळ्या वाजवायचा. त्याच्या पुढच्या सुट्टीला "साडेचाळीस!" तेव्हा मात्र मास्तर म्हणाले, "अर्धा इंच इकडेतिकडे," आणि काकूंनी अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी टपरीवरची दोन बिस्किटं आपणहून कबूल केली.

गल्लीची पंचाईत झाली. ज्या माणसानं सगळ्यांचे आकडे पोटात ठेवले त्याचाच आकडा आता रस्त्यावर ऐकू येत होता. बेचाळीसवाले साहेब एक दिवस येऊन म्हणाले, "मास्तर, माझंही मोठ्यानंच सांगा. बायको बरोबर आणलीय." मास्तरांनी सांगितलं. त्या आठवड्यात तीन गिऱ्हाइकं तुटली, पण साहेब चालत यायला लागले.

तीन महिने संपले. रक्त दिलं, कागद आला. मास्तरांना तो वाचता येईना आणि काकूंना उलगडवेना. शेवटी मुलीनं वाचला. "सात पूर्णांक चार."

"अर्धा इकडेतिकडे?" मास्तरांनी घाबरत विचारलं.

"नाही काका. पुरता सात पूर्णांक चार. जा, डोळा करून या!"

डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि मास्तरांना जग धुऊन वाळत घातल्यासारखं दिसलं. निळं निळं होतं आणि काळं काळं. इस्त्रीवाल्याच्या मिश्या रंगवलेल्या आहेत हे त्यांना नऊ वर्षांनी कळलं, आणि त्यांनी ते मोठ्यानं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले दिवस त्यांनी कसेबसे काढले आणि मग एका सकाळी मशीनवर बसून पहिल्या फटक्यात सुई ओवली. काळा दोरा, बारीक नेढं. "झाली!" ते ओरडले. "अगं ये, बघ! झाली!"

काकू पडद्यामागून आल्या. सवयीनं सुयांचा डबा हातात होताच. त्या मशीनशेजारी उजेडात बसल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "मग आता माझी नोकरी गेली की."

मास्तर हसणार होते. पण त्यांची नजर काकूंच्या ब्लाउजवर गेली. तो त्यांनीच शिवलेला, निळा, पाच-सहा वर्षांपूर्वीचा, न मापता, डोळ्यांतल्या मापानं. कुशीला शिवण होती आणि त्या शिवणीच्या आत आणखी एक. आणखी आत तिसरी, मग चौथी. हातानं घातलेले टाके, वेडेवाकडे. एक ओळ काळ्या दोऱ्याची, एक पांढऱ्या, दोन निळ्या. सकाळी ओवलेल्या सुयांपैकी संध्याकाळी उरलेल्या सुयांचे दोरे. चार ओळी घालूनही ब्लाउज अंगावर लोंबत होता. काकूंची नखं पांढरी होती. गळ्याची हाडं वर आली होती. हे सगळं त्यांच्यासमोर, हाताच्या अंतरावर, रोज सकाळी बसत होतं.

ते पँट सैल करत होते तेव्हा इकडे ही स्वतःचा ब्लाउज आवळत होती. दोन अंडी आपल्या ताटात यायची तेव्हा हिच्या ताटात काय असायचं? मास्तरांनी आठवून पाहिलं. त्यांना हिचं ताटच आठवेना. भाताची खरवड, पावाची टोकं, काळा चहा, हे ओट्याशी उभ्यानं कधीतरी पाहिलेलं. दवाखान्याच्या जिन्यात धाप कुणाला लागली होती, तेही आता त्यांना कळलं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की क्षणभर नवा डोळा मिटून घ्यावासा वाटला.

"ऊठ," ते म्हणाले. "उभी राहा."

"अहो, काय हे? दार उघडं आहे."

मास्तरांनी टेप काढली. टेप सरळ धरली, बोट आत घातलं, आकडा वाचला.

"मोठ्यानं नका हं सांगू," काकू कुजबुजल्या. दर सुट्टीला रस्त्यावर आकडा पुकारणाऱ्या काकू.

"माझ्या डोळ्यांत चौतीस होतं," मास्तर म्हणाले. "तीस आहे." त्यांनी वही उघडली, कोऱ्या पानावर लिहिलं आणि ह्या वेळी वहीवर हात ठेवला नाही.

मुलीनं काकूंचं रक्त तपासून घेतलं. लोह पार तळाला गेलं होतं. "तुमच्याकडे साठा जास्त, ह्यांच्याकडे काहीच नाही," ती मास्तरांना म्हणाली. "बाहेरून पुरेसं आलं नाही की शरीर आपलंच उसवायला घेतं, आधी स्नायू, मग बाकीचं. मी पहिल्याच दिवशी विचारणार होते." मास्तर मान खाली घालून ऐकत होते. त्यांनी सगळं लिहून घेतलं. गोळ्या कधी, अंडी किती, पालेभाजी कशाबरोबर. एकाही ओळीत 'अर्धा' नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी स्वतः अंडी उकडली. दोन ताटं मांडली, एकासमोर एक. काकूंनी बसल्या बसल्या आपल्या ताटातलं अंडं मोडलं आणि अर्धं मास्तरांच्या ताटात सरकवलं. मास्तरांनी ते उचलून परत तिच्या ताटात ठेवलं.

"अर्धं नाही," ते म्हणाले. "मी बघतोय. खा."